मागे राहिलेली खिडकी

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये त्याला सगळे 'निरवानिरव' म्हणत. एखाद्या प्रोग्रामचं कनेक्शन तुटलं, की त्याच्या पडद्यावरच्या खिडक्या, चित्रं, अडवलेली मेमरी, सगळं पुसलं जातंय ना, हे पाहणं त्याचं काम. "गेला तो गेला, मागे पसारा कशाला?" असं तो येताजाता ऐकवायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

कारण भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक खिडकी तशीच होती, त्याच्या दादाची. दादा शेजारच्याच टेबलावर बसायचा. एकदा जेवायला निघताना त्याने पडद्यावर चिठ्ठीएवढी खिडकी उघडली, 'माझं कनेक्शन तुटलं तरी हिला ठेव' असं सिस्टीमला बजावलं आणि आपलं मशीन बंद करून गेला. रस्त्यात त्याला ट्रकने उडवलं, तो जागीच गेला. पडदा मात्र अजून म्हणत होता, 'आलोच.' बाकीच्यांनी तिकडे बघणंच सोडलं होतं.

त्या खिडकीवरून दुसरी खिडकी गेली, की तेवढी अक्षरं कायमची जाणार; ती पुन्हा उमटवणारं दादाचं मशीन बंद होतं, पलीकडे कुणी उरलं नव्हतं. म्हणून त्याने पंपांच्या धोक्याची लाल खिडकी गुपचूप कोपऱ्यात सरकवली. व्हायचं तेच झालं. ती कुणाला दिसली नाही, पंप जळाला, अर्धी वस्ती पाण्यावाचून राहिली. साहेबांनी सुनावलं, "आज ती चिठ्ठी काढ, नाहीतर मी काढतो."

त्याने वहिनीला बोलावून घेतलं.

"भावजी, हे इतके दिवस इथे होतं? आणि मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही पुसायला लावाल, याची भीती वाटली."

वहिनी पडद्याजवळ गेली. "अक्षर छापील आहे. पण बोलणं त्यांचंच," ती म्हणाली. मग तिनेच माउस घेतला आणि लाल खिडकी ओढत आणली. 'आ' गेला. तिचा हात थांबला.

"एवढं राहू द्या ना."

'हो' अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने तिच्या हातातून माउस काढून घेतला.

"नको, वहिनी. मीही रोज वाटच बघत बसलोय."

उरलेली अक्षरं त्याने स्वतः पुसली. मग रिकामी चौकटही काढून टाकली. पडद्यावर आता फक्त पंप होते.

तेवढ्यात मागे दार वाजलं. दोघांनीही झटकन वळून पाहिलं.