बाराचे ठोके आणि ओदिलबाई

स्वित्झर्लंडमधल्या घड्याळं बनवणाऱ्या ला शो-द-फों गावात वेळ चुकणं म्हणजे भर चौकात अब्रू जाणं. आणि तिथे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या ओदिलबाई जन्मभर वेळ चुकवत आल्या होत्या. स्वतःच्या लग्नालासुद्धा त्या उशिरा पोचल्या. त्या नवऱ्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

खरा दोष त्यांच्या भिंतीचा. दुरुस्त केलेली घड्याळं तिथे चाचणीला टांगलेली असत, आणि प्रत्येकाचे ठोके वेगळे ऐकू यावेत म्हणून प्रत्येकावर वेगळी वेळ लावलेली. घरात सदानकदा काहीतरी वाजतच असे. खरी वेळ सांगे ते एकटं स्वयंपाकघरातलं घड्याळ.

आज खरी वेळ हवी होती. संग्रहालयातल्या मोठ्या घड्याळाला चावी देणारे आर्मां आज निवृत्त होत होते. काल पावाच्या दुकानात त्यांनी टोपी काढून सरळ विचारलं होतं, "ओदिल, लग्न कराल माझ्याशी? उद्या माझ्या घड्याळाचे बाराचे ठोके पडायच्या आत या. नाही आलात तर काय ते समजेन, आणि मुलाकडे जिनिव्हाला निघून जाईन. कायमचा."

बाई सकाळी उठल्या त्या 'हो' ठरवूनच. स्वयंपाकघरातलं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं. भरपूर वेळ! त्यांनी मनुकांचा गोड पाव खाल्ला, लिपस्टिक लावली, पुसली, पुन्हा लावली, आरशासमोर गिरकीही घेतली. तेवढ्यात चर्चच्या घंटेने बारा वाजवले.

मग बाईंना आठवलं. काल संध्याकाळी दुरुस्तीला आलेल्या नव्या घड्याळाच्या ठोक्यांत गोंधळ नको म्हणून स्वयंपाकघरातल्याचे काटे त्यांनीच मागे फिरवले होते!

"ओदिल, गाढव आहेस तू, शुद्ध गाढव!" असं स्वतःलाच ओरडत त्या निघाल्या. पायात घरातल्या सपाता, कपाळावर सरकवलेलं कामाचं भिंग.

"काय हो बाई, आग लागली का कुठे?" पाववाला दारातून ओरडला.

"लागली! सरका बाजूला!"

संग्रहालयाच्या दाराशी तिकिटं देणारी जोझेत हातवारे करत होती. "पळा, पळा! म्हाताऱ्याने लंबक धरून ठेवलाय केव्हाचा! पाहुण्यांना वेड लावलंय नुसतं."

आत खरोखरच आर्मां मोठ्या घड्याळाचा लंबक घट्ट धरून उभे होते. काटे बाराला एक मिनिट कमी दाखवत होते. एक जाडजूड पाहुणा मनगट पुढे करून भांडत होता.

"अहो, बारा कधीच वाजून गेले!"

"तुमचं पुढे आहे."

"आणि चर्चचं?"

"पाद्र्यांना जेवायची घाई असते."

दोघा-तिघा पाहुण्यांनी तर निमूटपणे आपली घड्याळं मागेही केली होती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात त्या घड्याळाला एक मिनिट चुकू दिलं नाही, तो घामाघूम होऊन भरदिवसा खोटं बोलत होता. बाईंना हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

"उशीर झाला का हो मला?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"छे! अजून मिनिटभर आहे," आर्मां म्हणाले आणि त्यांनी लंबक सोडला.

ते मिनिट सगळ्यांनी श्वास रोखून काढलं. पहिला ठोका पडला तसं बाईंनी "हो!" म्हटलं, इतक्या मोठ्याने, की पुढचे अकरा कुणालाच ऐकू आले नाहीत.