बोलणं बंद कुणाशी?

“बरं. आता सांगा, बोलणं बंद कुणाशी आहे?”

चष्मा कपाळावर सरकवून, खुर्ची पुढे ओढून मॅडम हा प्रश्न विचारायच्या आणि समोरचा माणूस चपापायचा. तो बिचारा रक्त द्यायला आलेला. साखर किती, बीपी किती, तंबाखू खाता का, इथपर्यंतच्या उत्तरांची तयारी करून आलेला. घरातली भांडणं कुणी विचारेल हे त्याच्या गावीही नसायचं.

मी आकुर्डीतल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. आमच्या औषधांच्या काउंटरला लागून एक लहानशी खोली आहे. तिच्यावर ‘जनुकीय तपासणी व औषध सल्ला’ अशी पाटी लागली तेव्हा आम्ही सगळेच मनातल्या मनात हसलो होतो. लोक ती पाटी वाचायचे, आत डोकवायचे आणि “एक्स-रे इथंच काय?” म्हणून विचारायचे. पुढे त्या खोलीत मॅडम आल्या आणि आमचं हसू बंद झालं, कारण काउंटरपेक्षा तिथली गर्दी जास्त रंगतदार निघाली.

मॅडम परभणीकडच्या. मुळात फार्मसीच शिकलेल्या, मग चांगली नोकरी सोडून पुन्हा अभ्यास करून या नव्या कामाकडे वळलेल्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर सुती साडी, पायात पळायचे बूट आणि तोंडात कायम एक शब्द: “कामून?” आपण लोक ‘का?’ विचारतो तेव्हा निम्म्या वेळा त्यात भांडण दडलेलं असतं. त्यांच्या ‘कामून’मध्ये नुसती उत्सुकता असायची. लिफ्ट बंद पडली तरी कामून, एखाद्या पेशंटने डाव्या हाताने सही केली तरी कामून. एकदा मी लागोपाठ तीन दिवस डब्यात भोपळा आणला तेव्हा त्यांनी मला इतक्या मनापासून “कामून हो?” विचारलं की मला बायकोशी झालेला अबोला सांगावा लागला.

त्यांचं काम काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. एकच औषध एकाला लागू पडतं, दुसऱ्याला पडत नाही आणि तिसऱ्याला बाधतं, हे आपण सगळेच पाहतो. त्यातलं काही रक्ताच्या तपासणीतून आधी कळू शकतं. आणि जे रक्तात असतं ते एकट्याचं नसतं, घराण्यात फिरतं. म्हणून एक पेशंट आला की मॅडमना त्याचं सगळं गणगोत हवं असायचं.

चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारा एक गडी होता. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलेला. रक्त पातळ ठेवायची गोळी तो नेमाने घेत होता, तरी छातीत पुन्हा दुखायला लागलं. तपासणीत कळलं की ती गोळी पोटात गेल्यावर शरीराला कामाला लावावी लागते आणि याचं शरीर ते करतच नाही.

“म्हणजे माझ्यातच फॉल्ट आहे म्हणा की,” तो पडेल चेहऱ्याने म्हणाला.

“फॉल्ट कामून? तुमच्या शरीराची रीत निराळी. डॉक्टर गोळी बदलून देतील.”

तो खूश होऊन गेला आणि पहिली शिफ्ट सुटल्यावर त्याचे तीन दोस्त काउंटरवर हजर. “मॅडम, आमची पण रीत बघून घ्या ना!” तिघेही ठणठणीत होते. मॅडमनी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं, पण त्याआधी कुणाच्या आईचं माहेर कुठलं ते विचारून घेतलंच.

दुसऱ्या एक बाई आल्या त्या होणाऱ्या सुनेचं रक्त तपासून घ्यायला. पत्रिका जुळली होती, आता हेही जुळवून द्या म्हणाल्या. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि मुलगा कुठंय?”

“त्याचं काय काम? तो आमचाच आहे.”

“आमचा आहे म्हणून त्याला रक्त नाही का?”

बाई रागारागाने गेल्या. आठवड्याने मुलगा आणि मुलगी दोघेच आले, आईला न सांगता.

आता मॅडमच्या टेबलाबद्दल सांगायला हवं. घराण्याचा नकाशा कागदावर काढतात, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल. पण कागद पुढे केला की आपल्याकडची माणसं गप्प होतात, सही करायची आहे की काय म्हणून. त्यामुळे मॅडमनी वेगळीच युक्ती काढली होती. वॉर्डातल्या रिकाम्या सिरपच्या बाटल्यांची झाकणं त्या धुऊन ठेवायच्या आणि आमच्याकडून गोळ्यांची रिकामी खोकी न्यायच्या. खोकं म्हणजे पुरुष, झाकण म्हणजे बाई. “मांडा तुमचं घर,” असं म्हणून सगळा पसारा पेशंटपुढे ओतायच्या. दापोडीच्या एक आजी झाकण हातात घेऊन म्हणाल्या होत्या, “बरोबर हाय. जलमभर झाकायचंच काम केलंय.” त्यावर मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

माणसं हौसेने घर मांडायची. पण सगळ्यांची चूक एकच व्हायची, आणि ती तुमची-माझीही होईल. घरात कोण कोण, असं विचारलं की लग्न झालेल्या बहिणी त्यात यायच्याच नाहीत. त्या आता त्यांच्या घरच्या. भाऊ मांडायचे, भावाची मुलं मांडायचे, एकाने तर म्हैससुद्धा सांगितली होती, पण बहीण नाही. म्हणून मॅडम फिरून विचारायच्या, “भाऊबीजेला ओवाळायला कोण येतं?” मग टेबलावर झाकणं वाढायची. आणि तरीही कुणी राहिलं असेल तर तो शेवटचा प्रश्न यायचा, बोलणं बंद कुणाशी?

त्या प्रश्नाचं मोल मला ज्याच्यामुळे कळलं तो माणूस चाकणच्या बाजूचा, जुन्या गाववाल्यांपैकी. जमिनीचा बराच भाग कारखान्यांत गेलेला, उरलेल्यावर कांदा. तिकडच्याच एका दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन करून घेतलं आणि त्यानंतर त्याचा श्वासच परत येईना. भूल देताना स्नायू सैल करायचं एक इंजेक्शन देतात. ते काही मिनिटांत उतरतं. याच्या अंगातून ते कितीतरी तास उतरलंच नाही. मशीनवर श्वास देत त्याला आमच्याकडे आणलं आणि तो वाचला.

“समदं ऐकू येत व्हतं,” तो मॅडमना सांगत होता. “डॉक्टर बोलत्यात, नर्स पळत्यात. मला वाटायचं वरडावं, मी हाय, मी हाय. पर बोट हालत न्हवतं.”

हे सांगताना तो आपलं बोट हलवून बघत होता. मी औषधं समजावून द्यायला खोलीत आलो होतो, तो तिथेच थांबलो. असं काही मी पुस्तकात वाचलं होतं, माणसाच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

तपासणीत दोष सापडला. ते इंजेक्शन मोडून टाकणारा पदार्थ त्याच्या रक्तात जवळजवळ नव्हताच. त्याच्या आईबापांचं लग्न आते-मामे नात्यातलं, दोघांकडूनही तेच आलेलं. अशा वेळी सख्ख्या भावंडात ते असण्याची भीती मोठी. मॅडमनी टेबलावर पसारा ओतला. त्याने आई मांडली, बाप मांडला आणि एकच खोकं खाली ठेवलं.

“मी एकलाच.”

“भाऊबीजेला?”

“कोन येत न्हाई.”

“बोलणं बंद कुणाशी?”

त्याची बायको मागे उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. ती पुढे आली, पसाऱ्यातून एक झाकण उचललं आणि नवऱ्याच्या खोक्याशेजारी ठेवलं.

“ह्या वन्सं,” ती म्हणाली. “तळेगावाला दिल्यात. आन त्यांचं पिशवी काढायचं ऑपरेशन ठरलंय. गावात कानावर आलं.”

नवऱ्याने झाकण उचलून परत ढिगात टाकलं. “माझ्यापुरती ती मेली.”

दुसरं कुणी असतं तर उपदेश केला असता. मी तर तोंड उघडलंही होतं. मॅडमनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “कामून?”

मग ते सगळं बाहेर आलं. बाप गेल्यावर हक्कसोडीचे कागद केले होते. आपल्याकडे बहिणी सही करतात, साडीचोळी घेतात आणि माहेर शाबूत ठेवतात. हिने सही केली नाही. म्हणाली, दादा, माझापण बाप होता. त्या दिवसापासून दादाने तिच्या घराकडची वाट सोडली.

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या, “जमिनीचं तुम्ही आणि ती बघून घ्या. पण आईबापाकडून हे जे आलंय त्यात तिचा वाटा असलाच तर तो सही करून सुटत नाही. तिला साधं पाठीत इंजेक्शन देऊन करतीलही. पण ऐनवेळी पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर? तुम्हाला मशीन मिळालं. तिला मिळंल का वेळेवर?”

तो उठून गेला. बायको दारात क्षणभर थांबली आणि मागोमाग गेली.

त्या दिवसापासून मॅडमचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. मी म्हटलं, “तळेगावचा नंबर काढतो की मी. वहिनी देतील. एक फोन करून टाका.”

“नाही.”

“अहो, जिवाचा प्रश्न आहे!”

“मला कळत नाही का? पण ते त्यानं मला सांगितलंय, तिला नाही. मी आज चोरून सांगितलं तर उद्या या खुर्चीत बसून कोण मला काही सांगंल?”

मला तेव्हा त्यांचा रागच आला. नियम पाळणारी माणसं मला तशी आवडत नाहीत. पण संध्याकाळी पाहिलं, तर मॅडम त्याच्या बायकोच्या मोबाइलवर फोन करून हळू आवाजात विचारत होत्या, “वहिनी, जेवतात का ते? झोप लागते का? पुन्हा एकदा या म्हणावं. ते नाही म्हणाले तर मी येते चाकणला.” असे फोन त्यांनी किती केले कोण जाणे. प्रत्येक फोनमध्ये जेवणाखाण्याची चौकशी करायच्या आणि बहिणीबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत.

एका दुपारी तो एकटाच काउंटरवर आला. ज्याला एखादं औषध घातक आहे त्याला आम्ही खिशात ठेवायचं लाल कार्ड देतो. त्याचं त्याला आधीच दिलेलं होतं.

“अजून एक द्या,” तो म्हणाला.

“हरवलं का, भाऊ?”

“न्हाई.” त्याने खिशातलं लाल कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. “रातचं डोळा लागत न्हाई राव. डोळा मिटला की ती दिसती. टेबलावर पडलीय आन बोट हालत न्हाई.”

मी त्याला मॅडमकडे नेलं. तो बसलासुद्धा नाही. “तुमीच लावा फोन,” म्हणाला. “माझा आवाज ऐकला तर ठिवून देईल ती.”

मॅडमनी फोन लावून स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं. तुमच्या भावाला ऑपरेशनच्या वेळी त्रास झाला, असं म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आला.

“दादाला काय झालं? कुठं हाय दादा? जित्ता हाय ना?”

हॉस्पिटलातून आपल्याला फोन कशाला, आपल्या ऑपरेशनचं काय, यातलं तिने काहीच विचारलं नव्हतं. तो भिंतीला टेकला आणि डोळ्यांवर टोपी ओढून घेतली.

तुम्हाला पुढचं कळायला हवं म्हणून सांगतो. बहीण तपासणीला आली आणि तिच्या रक्तातही तेच निघालं. भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवलं होतं. ऑपरेशन मध्येच अवघड झालं, पूर्ण भूल द्यावी लागली, ते इंजेक्शन टाळून दिली आणि ती नीट शुद्धीवर आली. जमिनीचा दावा अजून चालू आहे असं ऐकतो. तारखेला दोघं एकाच गाडीने जातात म्हणे.

मॅडम मागच्या वर्षी परभणीला परत गेल्या. तिकडे अशी सोय नव्हती, ती सुरू करायची म्हणून गेल्या. खोलीत आता एक हुशार मुलगी बसते आणि घराण्याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढते. छान काढते. भांडणं मात्र ती कुणाला विचारत नाही आणि लोकही आपणहून सांगत नाहीत. मला त्या बाईंची आठवण येते, रोज येते, यात लपवण्यासारखं काय आहे?

पण आठवण येते ती त्या दुपारची. फोनमधून “दादा” ऐकू आलं आणि मॅडम ताडकन उठल्या. माझा दंड धरून मला बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. मग आमच्या काउंटरला पाठ टेकून उभ्या राहिल्या. आतून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता, भावाचा की फोनवरच्या बहिणीचा ते कळत नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कामून विचारणारी ती बाई गॅसच्या गोळ्यांच्या जाहिरातीकडे टक लावून बघत होती.

तो गेल्यावर मी विचारलं, “काय बोलले हो दोघं?”

“मला काय माहीत?” मॅडम म्हणाल्या. “मी तुमच्यासंगंच बाहेर होते की.”