रेबेलोसाहेबांची हिरवी झंडी

माणसं एका जागी फार दिवस बसली की किस्से धुळीसारखे साचतात. आणि जालना स्टेशनात धुळीला काय तोटा! निजामाच्या राज्यात मी तिथं तिकीटबाबू होतो. मालगाडीचे गार्ड रेबेलोसाहेब मूळचे गोव्याचे. ड्यूटी नसली की मला आणि मालधक्क्यावरच्या बापू क्लार्कला गिटार शिकवायचे. रूळ बदलणारा पॉइंट्समन हणमंता दाराशी बसून फुकट ऐकायचा.

साहेबांची शिकवायची तऱ्हाही गार्डाचीच. मांडीवर दोन झेंड्या! स्वर चुकला की लाल. "मागच्या स्टेशनापासून घ्या! आणि आहिस्ता! मालगाडी हाय, मेल न्हाई!" शेवटपर्यंत बिनचूक वाजवलं तरच हिरवी. ती अजून कुणालाच मिळाली नव्हती. साहेब पेन्शन घेऊन गोव्याला निघायच्या आत ती मिळवायचीच, असं बापूनं मनावर घेतलं होतं.

*

एकदा तार तुटली. ती आतड्याची असायची, मुंबईहून यायची. हणमंता म्हणाला, "कशाला खर्चा करता, बाबू? पिंजाऱ्याच्या धनुकलीला बी तसलीच तात असती." आणली, बसवली, बापू घोटत बसला. थोड्या वेळानं बघतो तर दाराशी एक म्हातारी जुनी गादी घेऊन बसलेली!

"पिंजून झालं का तुमचं? मी कव्हाची बसून राह्यले!"

*

माझा हात सारखा पळायचा. एकदा वैतागून विचारलं, "साहेब, हळू म्हणजे किती हळू?"

"खिडकीवर तिकीट देता ना, तितकं!"

*

तार छेडायला उजव्या हाताची नखं वाढवायची आणि डाव्याची बुडापासून कापायची, हा साहेबांचा कायदा. बापूच्या आईला तो बिलकुल पटेना.

"एका हाताला नखं, एका हाताला न्हाई! कोण्या देवाला नवस बोललास रे?"

*

बापूचं लग्न राजूरला झालं. हळदीआधी न्हाव्यानं रिवाजाप्रमाणे नवरदेवाची नखं काढली. दोन्ही हातांची! बापूच्या डोळ्यांत पाणीच आलं. मलाही फार वाईट वाटलं. आई तेवढी खूश होती.

साहेब ड्यूटीवरून थेट लग्नाला आले, हातात गिटार आणि बगलेत झेंड्या. पाठवणीची वेळ झाली. नवरी बैलगाडीत बसली, गाडी हणमंताची, कासराही त्याच्याच हातात.

साहेब म्हणाले, "बापू, उद्या मी चाललो. वाजवा."

"नखं न्हाईत, साहेब."

"बोटं हाईत ना?"

बापू मांडवात बसला आणि नुसत्या बोटांनी वाजवू लागला, अगदी मालगाडीच्या चालीनं. रडणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. शेवटचा स्वर बराबर लागला. साहेब उठले, डोळे पुसले आणि त्यांनी हिरवी झंडी उंच धरून हलवली.

तेवढ्यात घुंगरं वाजली. बघतो तर बैलगाडी नवरीला घेऊन वेशीकडं निघालेली! धोतरं सावरत आम्ही मागं पळालो, नवरदेव गिटारीसकट.

"हणम्या, अरे नवरदेव राह्यला की!"

हणमंता वळूनही न बघता ओरडला, "हिरवी दिसली, गाडी सोडली! कोण चढलं, कोण राह्यलं, ते गार्डानं बघायचं असतं!"