मेल्यावर हसायचं असतं

मालिकेत आपण मरणार हे आपल्याला जेवणाच्या सुट्टीत कळतं. निदान मला तरी तसंच कळलं. डब्यातली भेंडी अर्धी खाऊन झाली होती, तेवढ्यात निर्मात्याचा माणूस शेजारी येऊन बसला आणि उगाच माझ्या भाजीची तारीफ करायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, काय असेल ते सांगून टाक. तर म्हणाला, कथेला जरा धक्का हवाय, मोठी जाऊ जायला हवी. मोठी जाऊ म्हणजे मी. इतकी वर्षं त्या खोट्या घरात, खोट्या ओट्यापुढे उभी राहून मी सगळ्यांचं केलं, आणि धक्का हवा तर मरायचं कोणी, तर मीच! संताप झाला नुसता. पण आमच्या धंद्यात रागावलेल्या बाईला पुढचं काम मिळत नाही. मी उरलेली भेंडी खाल्ली.

खरं तर कामाची तेवढी काळजी नव्हती. मला धडकी भरली ती आईच्या विचाराने. ते का, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

मी चौलच्या पुढच्या एका गावातली. घरची भातशेती, परसात थोड्या सुपाऱ्या. मी अभिनय मुंबईत शिकले असं लोक समजतात, मुलाखतीत मीही तसंच ठोकून देते. पण शिकले ती आईकडे. आईला नकलांचं वेड होतं. भाताची लावणी चालली असताना ही मधेच कंबर सरळ करायची आणि चिखलातच तलाठ्यासारखी चालून दाखवायची. बायका हसून हसून बांधावर बसायच्या. तिचं म्हणणं एवढंच, की माणूस तोंड उघडायच्या आधी त्याची पाठ बघायची, सगळं तिथेच असतं. लहानपणी मी एकदा शेजारच्या काकूंची नक्कल केली, तेव्हा सगळे हसले, आई हसली नाही. तिने नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "बरी करतेस नक्कल." तिचं कौतुक आयुष्यात कधी याच्या पुढे गेलं नाही. नंतर मला बक्षिसं मिळाली तेव्हाही तेवढंच.

मग गावच्या जत्रेतलं नाटक, अलिबागला कॉलेजात एकांकिका, आणि तिथून दादरचे अभिनयाचे वर्ग. तिथल्या सरांनी माझी जीभ धुऊन पिळून वाळत घातली. 'हाय' नाही, 'आहे'. 'पानी' नाही, 'पाणी'. चुकले की टेबलावर पट्टी आपटायचे. वर्षभरात मी इतकं शुद्ध बोलायला लागले, की घरी फोन केला की आई मुद्दाम विचारायची, कोन बाईसाहेब बोलतायत? मी हसायचे, पण लागायचं. सरांना मात्र नावं ठेवणार नाही. त्या भाषेवरच माझं पोट चाललं. नर्स झाले, शेजारीण झाले, पोलीस चौकीत रडणारी बाई तर किती वेळा झाले. आणि केस पांढरे व्हायला लागले तेव्हा कुठे ही मोठी जाऊ मिळाली.

त्याच सुमारास आईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग घरातलीच माणसं. ती भाऊ-वहिनीकडे गावीच असते. वहिनी सांगायची, ताई, दिवसभर कुणाला ओळखत नाहीत, पण संध्याकाळी तुम्ही टीव्हीत दिसलात की म्हणतात, माझी बाय आली. मी प्रत्यक्ष घरी गेले तर ती माझ्याकडे परक्यासारखी बघत राहायची. मालिका लागली की एकदा टीव्हीकडे, एकदा माझ्याकडे बघायची, आणि मग हळूच माझा हात धरायची. टीव्हीतून बाहेर आले की मी तिची मुलगी व्हायचे. माझ्याकडे येण्याची आता तिची तेवढीच वाट उरली होती, आणि ही माणसं तीच बुजवायला निघाली होती.

म्हणून मी त्या माणसाच्या हातापाया पडले. म्हटलं, मला माहेरी पाठव, बेशुद्ध कर, अमेरिकेला लेकीकडे पाठव, पण मारू नकोस. तो म्हणाला, ताई, अमेरिकेला मागेच तुमच्या दिराला पाठवलंय. संपलं.

मेले मग. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला, नाकात कापूस, तोंडावर तुळशीपान, गळ्यात हार. मी श्वास धरून पडून राहिले आणि सेटवरच्या माझ्या सासूने टाहो फोडला. छान रडली, खोटं का बोलू. कट झाल्यावर मी उठणार, तर मेकअपवाल्या दादांनी मला दाबून धरलं. त्यांचं म्हणणं, मेल्यावर हसायचं असतं. आमच्यात ही रीत आहे. मरणाचा प्रसंग झाला की त्याच वेशात कॅमेऱ्यात बघून हसायचं, म्हणजे ते मरण अंगाला चिकटत नाही. हा तुकडा दाखवत कधीच नाहीत. मी हसले. नाकातला कापूस उडाला तशी खरंच हसले. एका पोरीने ते माझ्या मोबाइलवरही घेऊन ठेवलं.

भावाला मी आधीच बजावून ठेवलं होतं, तो भाग आईला दाखवू नका. त्याने बिचाऱ्याने त्या संध्याकाळी तिला देवळात भजनाला नेऊन बसवलं. सगळं नीट पार पडलं. पण तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर टीव्हीचं खाते! वहिनी परसात सुपाऱ्या सोलत होती. आतल्या खोलीत आईने आपली लेक तिरडीवर बघितली.

वहिनी आत आली तेव्हा आई उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझी बाय गेली. घरात सुतक आहे म्हणाली, देवापाशी दिवा लावू दिला नाही, पाण्याशिवाय तोंडात काही घेईना. भावाने एक दिवस वाट बघितली आणि फोन केला, तू ये.

भाऊच्या धक्क्यावरून मी रेवसची लाँच पकडली. लाँचमध्ये बायकांनी ओळखलंच. एक म्हणाली, अगं बाई, ही तर परवा मेली! सगळ्या खिदळल्या, फोटो काढले, एकीने प्रेमाने चिवडा दिला. मी हसून फोटो दिले. त्यांचा काय दोष? घरी माझंच सुतक चाललंय, हे त्यांना काय सांगणार. रेवसहून रिक्षा केली. सगळ्या रस्ताभर एकच जप चालला होता, मला बघेल, हात लावेल, आणि कळेल तिला.

ती ओटीवर बसलेली. मी समोर जाऊन बसले, तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, आई, मी आहे, मला काही झालेलं नाही. तिने हात सोडवून घेतले.

"कोन गो तू? मुंबैची काय? उशिरा आलीस. नेली तिला."

मग मी दादरचं सगळं शिक्षण टाकून दिलं. तिच्यासारखी मांडी घातली, तिच्यासारखा पदर खोचला आणि लहानपणी बोलायचे तशी बोलले. आये, मी हाय गो, तुझी बाय, मी कुठं बी न्हाय गेले. वर्षानुवर्षं तोंडात न आलेले शब्द भराभर येत होते, आणि त्यांच्याबरोबर रडूही. आई माझ्याकडे बघत राहिली. नीट, जशी पूर्वी बघायची तशी. आधी पाठ बघितली, मग तोंड. मला वाटलं, ओळखलं.

"बरी करतेस नक्कल," ती म्हणाली. "अशीच बोलायची माझी बाय."

भाऊ दारात उभा होता, तो तोंड फिरवून आत गेला. मी हरले होते, पण माझा स्वभाव सहजी हार मानायचा नाही. मला तो मोबाइलवरचा तुकडा आठवला. म्हटलं, हे बघून तरी पटेल, मेलेली बाई कधी हसते का? मी फोन तिच्यासमोर धरला. तेच हिरवं लुगडं, तोच मळवट, गळ्यात हार, आणि मी खदखदून हसतेय. आईने तो पुन्हा पुन्हा बघितला. बोटाने माझ्या चेहऱ्यावरून, म्हणजे त्या काचेवरून, हात फिरवला. तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटत गेल्या.

"हसते गो," ती म्हणाली. "म्हंजे सुखात हाय तिथं."

तिने पदराने डोळे पुसले आणि वहिनीला हाक मारून सांगितलं, देवापाशी दिवा लाव, पानं घे. मी अजून काही बोलणार होते, पण भावाने आतून मान हलवली, राहू दे. आणि खरंच, एवढ्या उपासानंतर ती जेवायला बसत होती, तिला पुन्हा रडवून मी काय मिळवणार होते? वहिनीने भात वाढला, वर आमटी घातली. आईने मलाही पाटावर बसवलं. दोन घास खाऊन ती थांबली, माझ्या ताटात बघितलं, आणि स्वतःच्या हाताने माझ्या भातावर आमटी ओतली.

"जेव नि बिगीनं घरी जा," म्हणाली. "तुझी आई वाट बघत असंल."

मी बरं म्हटलं आणि जेवले.