टेबलावरची बुटकी फुलं

नोएडातल्या आमच्या ऑफिसात दर सोमवारी सकाळी एक म्हातारा फुलं मांडायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक देठ तो बादलीतल्या पाण्याखालीच तिरका कापायचा आणि पाण्यात बुडतील ती पानं खुडून टाकायचा. मीटिंगच्या टेबलावरची फुलं मात्र नेहमी बुटकी. मांडून झाली की स्वतः खुर्चीत बसून पलीकडचं दिसतंय का ते बघायचा. म्हणायचा, "मॅडम, आमने-सामने बैठे लोगों को एक-दूसरे का चेहरा दिखना चाहिए."

मी एचआरमध्ये होते. एका सोमवारी अकरा जणांना कामावरून काढायचं होतं आणि ते सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी त्याला म्हटलं, "आज ऊँचे फूल लगा दीजिए."

"मीटिंग की मेज पर?"

"हाँ. ग्यारह लोगों को निकालना है. मुझे किसी का चेहरा नहीं देखना."

त्याने कात्री पुसली आणि फडक्यात गुंडाळली. "ये मुझसे नहीं होगा, मॅडम," एवढंच म्हणाला आणि बादली उचलून निघून गेला.

उंच ग्लॅडिओलस मी दुसरीकडून मागवले. अकराही जणांना समोर बसवून, त्या फुलांच्या आडून यादी वाचली. पलीकडे कोणीतरी रडत होतं. कोण, ते मला कळलं नाही.

म्हाताऱ्याचं काम बंद केल्याचा मेल त्याच्या एजन्सीला दुसऱ्या दिवशी मीच पाठवला. पगाराची गरज त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होती.