मासळीबाजारातली पतपेढी

आमचं कुटुंब आंध्रातून पनवेलला आलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं आणि एकच शिकवण होती, "आपण बाहेरचे. कुणाशी वाद घालायचा नाही." मी बी.कॉम. होऊन एका बँकेत कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

एका दुपारी मासळीबाजारातली एक मावशी खातं उघडायला आली. टोपली बाहेर ठेवून, हात धुऊन आली होती. मॅनेजर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "यांना बाहेरच थांबवा." मी फॉर्म घेऊन बाहेर गेलो आणि पायरीवर तिच्या शेजारी बसून भरला. संध्याकाळी मेमो हातात पडला, लेखी माफी मागा. मी राजीनामा लिहिला.

वडील म्हणाले, "वाद घालायचा नाही, सांगितलं होतं ना?" मावशी मात्र म्हणाली, "तूच पेढी काढ. आमी हाय ना!"

पेढीच्या नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी सभासदांची यादी चाळली. पानोपानी मासळीवाल्या बायकांचे अंगठेच.

"हे खरे कशावरून? आणि तुम्ही मूळचे कुठले?"

"पनवेलचा."

"आडनावावरून वाटत नाही."

"मग आडनाव सोडा, अंगठे तपासा. उद्या सगळ्या बायका हजर करतो."

ते हसले. दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर साठ-सत्तर बायका टोपल्यांसकट कचेरीत शिरल्या. बाकं भरली तशा जमिनीवर बसल्या. मावशी टेबलाशी गेली, "घ्या अंगठा. सगल्यांचं झाल्याबिगर आमी उठनार नाय." मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण मी साहेबांच्या समोरून हललो नाही.

महिन्याभराने नोंदणी मिळाली. बाजाराला लागूनच गाळा घेतला. वेळ बायकांच्या सोयीची ठेवली, दुपारी तीन ते रात्री आठ. गावातले शहाणे म्हणायचे, सहा महिन्यांत गाशा गुंडाळेल. मी म्हणायचो, बघत राहा. पहिल्या काही वर्षांत दोनच कर्जं बुडाली. एक कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या दुकानदाराचं, दुसरं माझ्याच वर्गमित्राचं. मासळीवालीचं एकही नाही.

वडील उद्घाटनाला आले नव्हते. वर्षभराने एका संध्याकाळी आले आणि रांगेत उभे राहिले.

"नान्ना, आत या की," मी म्हणालो.

"रांग आहे ना," ते म्हणाले.

पुढच्या बाईने पायाने टोपली सरकवून त्यांना जागा करून दिली.