काठीला न भिणारी

घोडबंदरला बाबांच्या घरामागच्या खोलीत राहायला आलो तेव्हा मी काशीमीरा नाक्यावरच्या एका गॅरेजात वेल्डिंग करत होतो. सातवीत शाळा सुटलेली, गाव परभणीकडचं. खोली बघायला गेलं की लोक आधी आडनाव विचारायचे. बाबांनी विचारलं, "जेवलास काय?" बस्स, एवढंच. ते मी अजून विसरलेलो नाही.

बाबा म्हणजे माझे घरमालक. सगळा जन्म मिठागरात गेलेला, गुडघे कामातून गेलेले, नजर अधू, हातात काठी. घरात एकटेच. एकदा दारात पडले, तेव्हा वसईला दिलेली त्यांची लेक मोकळी बॅग घेऊनच आली. घराला कुलूप लावून बाबांना घेऊन जाते, म्हणाली.

"मना न्हाय यायचा," बाबा म्हणाले.

बरीच वादावादी झाली. शेवटी लेक, म्हणजे आमच्या ताई, म्हणाल्या, मग सोबतीला कुत्रा तरी ठेवा. आणि कुठूनसं अल्सेशियनचं पिल्लू आणून दिलं. पिल्लू गोजिरवाणं होतं, पण सारखं पायांत यायचं. काठी म्हणजे त्याला खेळणंच. आठवडा झाला नसेल, बाबा पुन्हा घसरले, ओटा हाताला लागला म्हणून वाचले. ताई पिल्लू परत घेऊन गेल्या. बॅग मात्र ठेवून गेल्या. "रविवारी येते. कपडे भरून ठेव त्यांचे."

बाबा गेले की घर बंद, आणि माझी पुन्हा आडनावापासून सुरुवात.

गावी आईपाशी काळू कुत्रा होता. दुपारी ती उंबऱ्याशी आडवी झाली की हा तिच्या पायाशी. ती उठली की हा उठायचा, पण कधी आडवा आला नाही. बाबांना तसा हवा होता. म्हणून मी गॅरेजातला एक पाईप घेतला आणि बाबांसारखा टेकत टेकत नाक्यावरची कुत्री बघत फिरलो. एकेक करून सगळी पळाली, एकदोन अंगावर आली. काठी म्हणजे मार, एवढंच त्यांना ठाऊक.

"क्या रे, जवानी में ही बुड्ढा हो गया?" एक ट्रकवाला ओरडला.

"कुत्ता ढूँढ रहा हूँ, भाई."

"कुत्ता कि बीवी? इतना चुन चुन के!"

मग एका गोदामामागून एक तपकिरी कुत्री निघाली. तोंडाजवळचे केस पांढरे झालेले. पाईपाचा टकटक आवाज ऐकून ती शेपूट हलवत सरळ माझ्याकडं आली. पाईप हुंगला, मान वर करून माझं तोंड बघितलं. शेपूट थांबलं. पण ती गेली नाही, तिथंच बसली.

"आमच्या जुन्या वॉचमनची ती," गोदामातला माणूस म्हणाला. "काठी टेकत फिरायचा. गावी गेला तो आलाच नाही. ने तू, हिला इथं कोण बघतंय?"

टेम्पोतून घेऊन आलो. बाबांनी तिच्या अंगावरून हात फिरवला. "अरे, ही तं म्हातारी हाय!"

"मग तुम्ही काय कॉलेजात जाताय?"

बाबा खोकला येईपर्यंत हसले.

रविवारी ताई ओट्यावर बसून नुसतं बघत राहिल्या. बाबा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. कुत्री काठीच्या दुसऱ्या बाजूनं, जरा मागं. काठी थांबली की थांबायची. ताईंनी चहा घेतला, मोकळी बॅग घडी करून काखेत मारली. "काही झालं तर पीसीओवरून फोन कर हं," मला म्हणाल्या.

संध्याकाळी कुत्री हायवेकडं तोंड करून बसायची. कुणी काठी टेकत गेलं की कान उभे.

"तिचा मानूस यायचा हाय," बाबा म्हणायचे. मग माझ्याकडं वळून, "तू कवा जानार आईकडं?"

"बघतो, सुट्टी मिळाली की."

मग आम्ही तिघंही रस्त्याकडं बघत बसायचो. या वेळी आई चुलीपुढं असेल, काळू तिच्या पायाशी असेल, एवढं मी मनाशी धरून ठेवायचो.